थांबून थांबून येणाऱ्या कळा

दिवस भरत आले, की बाळंतपणाची घटका केव्हा येईल याकडे सारे घर कान लावून बसते. एखाद्या सायंकाळी पोट कडक होऊ लागते, कंबर भरून येते, दर दहा-बारा मिनिटांनी कळ उठते. आशाताईला निरोप जातो, गाडीची तजवीज होते, कपड्यांचे गाठोडे दाराशी येऊन पडते; आणि मध्यरात्र उलटते न उलटते तोच कळा विरळ होत होत थांबून जातात. सकाळी ती स्त्री घरकामाला लागते. दुसऱ्या दिवशी सायंकाळी पुन्हा तोच प्रकार. असे दोन-तीन दिवस झाले म्हणजे घरातली वडीलधारी माणसे म्हणू लागतात, “या खोट्या कळा, हिला सोसवत नाही एवढेच.” ज्या स्त्रीला झोप नाही, जेवण गोड लागत नाही आणि जिच्या मनात भीतीने घर केले आहे, तिला हे शब्द कळांहूनही अधिक लागतात.

पांढुर्णा आणि सौंसर या भागात तर या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये हे तालुके छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळे होऊन पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. संत्र्याच्या बागांचा आणि कापसाचा हा मुलूख मराठी बोलतो. राज्य मध्य प्रदेशचे, पण सोयरीक काटोल, नरखेड, सावनेर, वरूड अशा सीमेपलीकडच्या गावांशी. गावातून तालुक्याच्या रुग्णालयात जायचे. तेथे अडचण निघाली तर सिल्लेवानीचा घाट चढून छिंदवाड्याला, नाही तर सरळ नागपूरला. अशा ठिकाणी कळा सुरू होताच निघावे, तर रुग्णालयातून परत यावे लागते. घरी थांबावे, तर वाटेतच प्रसूती होण्याची धास्ती. म्हणून थांबून थांबून येणाऱ्या कळांचा अर्थ काय, त्या काळात घरी काय करावे आणि केव्हा मुळीच थांबू नये, हे प्रत्येक घराने आधीच समजून घेतले पाहिजे.

कळ म्हणजे काय?

गर्भाशय ही स्नायूंची पिशवी आहे. तिचा आकार पालथ्या घातलेल्या घड्यासारखा; घड्याचे तोंड खाली. हे तोंड, म्हणजे गर्भाशयाचे मुख, नऊ महिने घट्ट मिटलेले असते. पिशवीचे स्नायू आवळले जातात तेव्हा पोट कडक होते. ते सैल पडले की पोट पुन्हा मऊ होते. हे आवळणे-सैलावणे बाळंतपणातच होते असे नाही. गरोदरपणात ते कितीतरी आधीपासून चाललेले असते. जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज डॉक्टरने १८७२ साली या गोष्टीचे वर्णन केले, आणि तेव्हापासून अशा संकोचांना त्याचेच नाव मिळाले. ते अनियमित असतात, बहुधा दुखत नाहीत आणि कूस बदलली, पाणी प्याले, लघवी करून आले, की शमतात.

पण शेवटच्या आठवड्यांत याहून वेगळ्या कळाही येतात. त्या दुखतात, काही तास नियमाने येतात आणि मग थांबतात. या काळात गर्भाशयाच्या मुखाची तयारी चाललेली असते. नाकाच्या शेंड्यासारखे टणक असलेले मुख ओठासारखे मऊ होते, पुढे सरकते, आखूड होते आणि हळूहळू पातळ होऊ लागते. मुख पूर्ण उघडते तेव्हा ते १० सेंटिमीटर रुंद झालेले असते. मात्र मऊ होण्याचे व पातळ होण्याचे काम ते फारसे उघडण्यापूर्वीच पुष्कळसे झालेले असते. पहिलटकरणीच्या बाबतीत ही पूर्वतयारी विशेष लांबते.

एमॅन्युएल फ्रीडमन या अमेरिकन डॉक्टरांनी १९५४ साली प्रसूतीच्या प्रगतीचा आलेख मांडला, तेव्हा त्या आलेखाचा पहिला भाग जवळजवळ आडवाच जातो आणि पुढे रेषा एकदम वर चढते, असे दिसून आले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या आपल्या सूचनांत ५ सेंटिमीटरपर्यंतचा काळ हा पूर्वकाळ मानला आहे, आणि तो किती चालावा याचे ठरीव प्रमाण नाही, बाईगणिक त्यात फार फरक पडतो, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे एकीचा पूर्वकाळ चार तासांत संपला आणि दुसरीचा दोन दिवस चालला, तर दुसरीत काही उणे आहे असे होत नाही.

आपल्या शेतकरी घरांना हे समजणे अवघड नाही. पेरणीपूर्वी शेतात वखराच्या पाळ्या घालाव्या लागतात. एक पाळी झाली, की मध्ये काही दिवस जातात, मग दुसरी. त्या पाळ्यांना कोणी खोटी पेरणी म्हणत नाही. थांबून थांबून येणाऱ्या कळाही तशाच आहेत. त्यांना फार तर कच्च्या कळा म्हणावे. खोट्या मात्र म्हणू नये. दुखणे खरे असते, आणि बहुतेक वेळा त्यातून कामही होत असते.

या कळा सायंकाळी व रात्रीच का जोर धरतात, असे पुष्कळजणी विचारतात. कळा आणणारा ऑक्सिटोसिन हा शरीरातला रस आणि त्याला साथ देणारी गर्भाशयाची संवेदनक्षमता रात्री वाढते, हे त्याचे एक कारण. दिवसभराचे श्रम व कमी प्यालेले पाणी हे दुसरे. बागेत संत्र्यांची तोडणी असो की शेतात कापसाची वेचणी, दिवस भरलेल्या बायकाही उन्हात वाकून राबतात. शरीरातले पाणी आटले, की गर्भाशय चिडते आणि पोट वारंवार कडक होते. उलट, बाळाची पाठ आईच्या पाठीकडे असेल तरी कळा लांबतात, मध्येच थांबतात आणि सगळे दुखणे कंबरेत एकवटते.

खरी कोणती, कच्ची कोणती?

पक्क्या कळांची खूण एकच धरली तर फसगत होते. चार गोष्टी एकत्र पाहाव्यात. पहिली, कळांमधले अंतर कमी कमी होत जाते. दुसरी, प्रत्येक कळ अधिक काळ टिकते. वीस-तीस सेकंदांची कळ पाऊण मिनिटाची, मग एका मिनिटाची होते. तिसरी, जोर वाढत जातो. कळ भरात असताना बोलणे सुचत नाही. चौथी, चालल्याने, निजल्याने वा अंघोळीने ती शमत नाही. रक्ताची छटा असलेला चिकट स्राव जाणे ही तयारीची खूण आहे. पण त्यानंतर प्रसूतीस काही तास लागतील की काही दिवस, हे त्यावरून सांगता येत नाही.

मोजताना एका कळेच्या आरंभापासून दुसऱ्या कळेच्या आरंभापर्यंतचा वेळ धरावा. हे काम त्या स्त्रीवर टाकू नये. घरातल्या लिहित्या माणसाने वही-पेन्सिल घेऊन तासभर नोंद करावी: कळ केव्हा आली, किती वेळ राहिली. एवढ्याने चित्र स्पष्ट होते. कळा अनियमित असतील तर वही मिटून ठेवावी. रात्रभर घड्याळाकडे डोळे लावून बसल्याने कळा लवकर येत नाहीत. अंगातली शक्ती मात्र उगाच खर्ची पडते, आणि ती शक्ती पुढे खऱ्या कामाला लागायची असते.

हा काळ कसा काढावा?

या काळातले पहिले औषध म्हणजे विश्रांती. रात्र असेल तर डाव्या कुशीवर, दोन गुडघ्यांमध्ये उशी घेऊन निजावे. झोप लागली नाही तरी दिवा मंद करून पडून राहावे. दिवसा थोडे अंगणात फिरावे, थोडे बसावे. पण कळा याव्यात म्हणून जिने चढणे-उतरणे, दळणकांडण, ओझी उचलणे असले काही करू नये. थकलेले शरीर कळांना जोर देत नाही.

दुसरे औषध अन्नपाणी. “आता केव्हाही बाळंत होईल, पोट रिकामेच बरे,” ही समजूत चुकीची आहे. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर थोडे थोडे, पचायला हलके अन्न घेत राहावे: वरण-भात, पेज, मऊ भाकरी दुधात कुसकरून, केळे. पाणी, ताक, लिंबाचे सरबत घोटाघोटाने घ्यावे. उन्हाळ्यात याकडे विशेष लक्ष हवे. दर दोन तासांनी लघवीस जावे; भरलेल्या मूत्राशयानेही कळा उठतात. लघवीला जळजळ होत असेल तर ते मात्र घरी अंगावर काढू नये. मूत्रमार्गाच्या विकाराने दिवस भरण्यापूर्वीच कळा येऊ शकतात.

कंबर फार दुखत असेल तर सोसवेल इतक्या कोमट पाण्याने अंघोळ करावी, अथवा कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने शेकावे. कळ येताच कोणीतरी तळहाताने माकडहाडाच्या वरच्या भागावर स्थिर दाब द्यावा. टेबलावर किंवा भिंतीवर हात टेकून, पुढे वाकून, कंबर सावकाश डोलवल्यानेही पुष्कळजणींना आराम पडतो. श्वास रोखून धरू नये. नाकाने घेऊन तोंडाने सावकाश सोडावा. आणि सर्वांत मोठा आधार म्हणजे सोबतीचे माणूस. आई असो, सासू असो, वहिनी असो की नवरा असो. जवळ बसून “हे असेच असते, तू एकटी नाहीस” एवढे म्हणणारे माणूस लागते. चार बायका भोवती जमून आपापल्या कठीण बाळंतपणांच्या हकिकती सांगू लागल्या, तर त्यांना प्रेमाने पण ठामपणे बाहेर बसवावे.

घाई प्राणावर बेतते

कळा थांबल्या म्हणजे घरातल्या माणसांचा धीर सुटतो आणि कोणीतरी “कळांचे इंजेक्शन” देणाऱ्याचे नाव सुचवतो. येथे फार सावध राहिले पाहिजे. हे इंजेक्शन बहुधा ऑक्सिटोसिनचे असते. रुग्णालयात प्रसूती पुढे नेण्यासाठी हेच औषध देतात. पण ते सलाईनमधून, थेंब मोजून, बाळाचे ठोके तपासत देतात, आणि कळा प्रमाणाबाहेर वाढल्या तर तत्काळ बंद करतात. घरी दंडात टोचलेले औषध परत काढून घेता येत नाही.

प्रत्येक कळेच्या वेळी बाळाकडे जाणारा रक्तपुरवठा काही क्षण मंदावतो आणि दोन कळांच्या मधल्या विसाव्यात तो पूर्ववत होतो. म्हणजे ज्या थांबण्याला आपण कंटाळतो, त्याच थांबण्यात बाळ श्वास टाकत असते असे म्हटले तरी चालेल. इंजेक्शनने कळांवर कळा चढल्या, की हा विसावा नाहीसा होतो. बाळ गुदमरते, आणि जिची अनेक बाळंतपणे झाली आहेत किंवा जिच्या गर्भाशयावर पूर्वी शस्त्रक्रिया झाली आहे, तिचे गर्भाशय फाटण्याचे भय असते. हेच औषध बाळ जन्मल्यानंतर लगेच आईला स्नायूत १० युनिट देतात. ते रक्तस्राव आवरण्यासाठी असते आणि योग्य असते. जन्मापूर्वी घरी टोचणे मात्र सर्वथा वर्ज्य.

एरंडेल पाजणे, पोट वरून दाबणे, दुखणे थांबवण्याच्या गोळ्या आपल्या मनाने देणे, हेही टाळावे. मुख उघडण्यापूर्वीच “जोर कर, जोर कर” म्हणून त्या स्त्रीला कुंथायला लावणे हीदेखील तशीच चूक. चरकसंहितेच्या शारीरस्थानातही कळा आल्यावाचून जोर करू नये, तसा जोर व्यर्थ जातो आणि बाळाला अपायकारक ठरतो, असे बजावले आहे.

केव्हा क्षणभरही थांबू नये

वर सांगितलेला धीर हा दिवस भरलेल्या, निरोगी आणि एकच बाळ असलेल्या स्त्रीसाठी आहे. सदतीस आठवडे पुरे होण्यापूर्वी नियमित कळा येऊ लागल्या, तर त्या कच्च्या की पक्क्या याचा निवाडा घरी करू नये. पाणी गेले, मग ते थोडे असो वा फार, कळा असोत वा नसोत, निघालेच पाहिजे. त्या पाण्याचा रंग हिरवट वा तपकिरी असेल तर अधिकच त्वरेने. छटेपुरते नव्हे तर वाहते रक्त दिसले, पोट सैल न पडता सतत कडक व दुखरे राहिले, ताप आला, डोके फार दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, चेहरा सुजला किंवा झटका आला, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

बाळाच्या हालचालींविषयी एक घातक समजूत आपल्याकडे आहे. “दिवस भरले, की बाळ शांत होते,” असे म्हणतात. हे खरे नाही. हालचालींची तऱ्हा थोडी बदलेल, पण त्या शेवटपर्यंत जाणवल्या पाहिजेत. कळांच्या गडबडीतही आईने याकडे लक्ष ठेवावे. हालचाल कमी वाटली तर सकाळची वाट पाहू नये.

पूर्वी सिझेरियन झालेल्या, जुळे असलेल्या, बाळ आडवे वा पायाळू असलेल्या, रक्तदाब, मधुमेह किंवा तीव्र रक्तक्षय असलेल्या स्त्रियांनी पहिल्या नियमित कळेलाच निघावे. विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या या पट्ट्यात सिकलसेलचा आजार आढळतो. तो असलेल्या स्त्रीने उपाशी, तहानलेली किंवा थंडीत कुडकुडत घरी कळा काढणे धोक्याचे आहे. तिची प्रसूती कोठे व्हावी हे आधीच डॉक्टरांना विचारून ठरवले पाहिजे.

बाकीच्या स्त्रियांसाठी सर्वसाधारण संकेत असा, की दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या, म्हणजे निघावे. पण हा संकेत रुग्णालय हाकेच्या अंतरावर असलेल्यांचा. ज्यांचे गाव आडवाटेला आहे, मध्ये नाला आहे, गाडी यायलाच तास लागतो, त्यांनी दहा मिनिटांवर नियमित कळा येताच हालचाल करावी. जिला पूर्वी मुले झाली आहेत तिनेही उशीर करू नये. तिची प्रसूती एकदा वेग धरते ती भराभर पुढे जाते.

आधीची तजवीज

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत आहे. सीमेपलीकडून लेक माहेरी येते तेव्हा तिची माता-बाल संरक्षण पुस्तिका, रक्तगटाची चिठ्ठी, सोनोग्राफीचे कागद आणि बँकेचे पासबुक तिच्यासोबत आलेच पाहिजे. आल्या दिवशीच गावच्या आशाताईकडे नाव सांगावे. शासकीय रुग्णालयात प्रसूती झाल्यास २०११ पासून चालू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली औषधे, तपासण्या, गरज पडल्यास शस्त्रक्रिया व रक्त, तसेच घरून रुग्णालयात, तेथून मोठ्या रुग्णालयात आणि प्रसूतीनंतर घरी नेणारी गाडी, हे सर्व विनामूल्य आहे. गाडीसाठी १०८ हा क्रमांक लावावा. मात्र प्रसूती न होता परत यावे लागले तर भाडे आपल्यालाच द्यावे लागेल असे धरून चार पैसे बाजूला ठेवावेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात गोटमार भरते आणि गर्दीने रस्ते अडतात; दिवस त्या सुमारास भरत असतील तर दुसरी वाट आधीच ठरवावी. आणि गाव फारच आडबाजूला असेल, तर शेवटचे आठ दिवस तालुक्याच्या गावी नातेवाइकांकडे मुक्काम करणे सर्वांत शहाणपणाचे.

परत पाठवले तर?

तपासून “अजून वेळ आहे, घरी जा,” असे सांगितले, तर रागावून किंवा ओशाळून उठू नये. चार गोष्टी विचारून घ्याव्यात: बाळाचे ठोके ठीक आहेत का, रक्तदाब किती, मुख किती उघडले आहे, आणि कोणते लक्षण दिसताच परत यावे. घर दूर आहे हे स्पष्ट सांगावे. दूरच्या स्त्रीला काही वेळ रुग्णालयातच थांबू द्या अशी विनंती करण्यात गैर काही नाही. मुख फारसे उघडले नसताना प्रसूतिकक्षात खाटेवर पडून राहण्याने लाभ थोडा होतो, आणि कित्येकदा विनाकारण कळा वाढवण्याचे उपाय सुरू होतात. म्हणूनच निरोगी स्त्रीला परत पाठवतात. त्यात तिचा अपमान नाही.

पण खरा धोका याच्या पुढे आहे. एकदा परत आलेले घर दुसऱ्यांदा निघताना कचरते. “मागे उगाच गेलो, लोक हसले, भाडे गेले, आता अगदी पक्के झाल्यावरच जाऊ,” असे म्हणत रात्र घालवली जाते, आणि नेमकी तीच रात्र खरी ठरते. म्हणून सासूबाईंना, आईंना आणि विशेषतः नवऱ्याला सांगणे एवढेच आहे: कालची कळ थांबली म्हणून आजची कळ थांबेलच असे नाही. प्रत्येक वेळी पुन्हा मोजा, पुन्हा पाहा, त्या स्त्रीला पुन्हा विचारा. आपल्या शरीरात काही वेगळे होत आहे असे ती म्हणाली, तर तिच्या शब्दाला मान द्या. दोनदा, तिनदा जाऊन परत यावे लागले तरी ती फेरी वाया गेली असे समजू नये. गाडीभाडे पुढच्या मजुरीतून भरून निघेल. वाटेत गमावलेली माय किंवा तिचे लेकरू भरून निघत नाही.